पाण्यापर्यंत

माणसाने आयुष्यात एकदा तरी समुद्राच्या काठाने एकट्याने चालावे. त्याशिवाय स्वतःची खरी ओळख पटत नाही. १९९१च्या मे महिन्यात मी वेल्सच्या पश्चिम किनाऱ्याने चाललो आणि ओळख पटली ती मुख्यतः माझ्या डाव्या टाचेची. जळगावच्या बाजारात घेतलेल्या कॅनव्हासच्या नव्या बुटांनी तिला पहिल्याच दुपारी फोड आणला.

मी धुळ्याच्या एका कॉलेजात इतिहास शिकवतो. तिकडच्या एका विद्यापीठात परिसंवाद होता. ज्या मुद्द्यावर सगळे आधीच सहमत होते त्यावर तिथे भरपूर चर्चा झाली आणि परतीच्या विमानाआधी थोडे दिवस मोकळे उरले. गावाहून निघताना शेजारच्या नानांनी विचारले होते, "समिंदरना काठे काय देखशी? तठे बठ्ठं पानीच शे ना?" (समुद्राच्या काठी काय बघणार? तिथे सगळे पाणीच आहे ना?)

पाणी होतेच. डाव्या हाताला कडा सरळ खाली तुटलेला, तळाशी काळ्या खडकांवर फेस. उजव्या हाताला हिरवी कुरणे. मधून जेमतेम एका माणसापुरती पायवाट, दोन्ही बाजूंना पिवळ्या फुलांची काटेरी झुडपे. मेंढ्या मान वर करून परीक्षकासारख्या बघायच्या, आणि मी उत्तीर्ण नाही हे ठरवून पुन्हा चरू लागायच्या.

संध्याकाळी लंगडत एका पांढऱ्या घराशी पोचलो. फाटकावर खोली भाड्याने असल्याची पाटी होती. मालकीण सत्तरीची, हातात काठी. मला नावाने हाक मारा म्हणाली. एवढ्या वयाच्या बाईला नावाने हाक मारणे मला जमेना, म्हणून मी तिला अक्का म्हणू लागलो. अर्थ सांगितल्यावर ती म्हणाली, तिला भाऊ नव्हता, तेव्हा चालेल.

सकाळी तिने लेव्हरब्रेड (समुद्रातले शेवाळ शिजवून, ओटच्या पिठात घोळवून तळतात) वाढला. दिसायला फार शिजलेली अंबाडीची भाजी. लसणाची फोडणी असती तर गडी कामाचा होता. मी दुसऱ्यांदा घेतला तेव्हा अक्का खूश झाली आणि आपली अडचण सांगू लागली. हिवाळ्यात तिच्या खुब्याचे ऑपरेशन झाले होते. तेव्हापासून ती फाटकाबाहेर गेली नव्हती. शहरातल्या मुलाचे म्हणणे, घर विकून माझ्याकडे चल. शेवटी त्याने अट घातली होती: सामान आणायला पुढच्या गावातल्या दुकानापर्यंत आपल्या पायांनी जाऊन दाखव, मग विकण्याची गोष्ट काढणार नाही. रविवारी तो घर बघायला गिऱ्हाईक घेऊन येणार होता. आज शुक्रवार.

मी निघालो तेव्हा ती फाटकापर्यंत आली. सवयीने माझ्या तोंडून गेले की आमच्या शिरपूरकडच्या गावात पाहुण्याला दारातून निरोप देत नाहीत, वाटेतल्या पहिल्या पाण्यापर्यंत पोचवायला येतात; मलाही आई तशीच पोचवायची.

अक्काने कुंपणापलीकडे पाहिले. समुद्र हाकेच्या अंतरावर होता. "म्हणजे पोचवून झालंच की."

"हे पाणी धरत नाहीत," मी म्हणालो. "ओलांडून जायचं पाणी लागतं. नाला, ओढा असं काहीतरी."

 मग तिने फाटकाची कडी काढली. ओढा तिथून नेमका कुठे आहे याची मला कल्पना नव्हती. तिला होती.

आम्ही फार हळू चाललो. माझ्या टाचेला ते मानवले. मध्ये मेंढ्यांसाठी घातलेले कुंपण आले, ते ओलांडायला लाकडी पायऱ्या. मी हात पुढे केला. "नको," ती म्हणाली. "मुलगा विचारेल, कुणी धरलं होतं का. मला खोटं बोलता येत नाही, आणि त्याला ते माहीत आहे." ती पायऱ्यांवर इतका वेळ होती की पलीकडची एक मेंढी कंटाळून निघून गेली.

पुढे एका दगडावर ती बसली. चेहरा उतरला होता. मागे घर अजून दिसत होते. पाहुण्याने अधूनमधून "आता फिरा मागे" म्हणायचे असते, तसे मी म्हणालो. या वेळी मनापासून.

"पाणी आलं का?"

"नाही."

"मग तुमची आई फिरली असती?"

माझी आई गुडघे धरून का होईना, नाल्यापर्यंत यायचीच. मी तसे सांगितले. अक्का उठली.

ओढा उतारावर होता, त्यावर लहानसा पूल. मी थांबलो आणि निघणारे पाहुणे आईला म्हणायचे ते वाक्य अहिराणीतच म्हणालो, "पानी उनं, आते मांगे फिरा." (पाणी आले, आता मागे फिरा.) अक्काला एक शब्दही कळला नसावा. माझ्या दंडावर थोपटून ती पूल ओलांडून गेली. पलीकडे दुकान होते.

दुकानातून तिने मुलाला फोन लावला. "दुकानातून बोलतेय," एवढेच म्हणाली आणि बराच वेळ ऐकत राहिली. मग माझ्याकडे बघत म्हणाली, "तो विचारतोय, परत कशी जाणार."

पोचवलेल्या पाहुण्याने त्याच दिवशी मागे फिरू नये, असे आमच्याकडे मानतात. मी तिच्याबरोबर मागे फिरलो. दुसऱ्या दिवशी विमान गाठायचे होते, म्हणून पुढचा किनारा बसच्या खिडकीतून पाहिला.

शिरपुरात माझा सत्कार झाला. अध्यक्षांनी मला सागर पायाखाली घालणारा एकाकी यात्रिक म्हटले. मी हार घालून बसलो होतो आणि आईनंतर मला पाण्यापर्यंत पोचवायला कोण आले होते, ते आठवत होतो.

दोन वर्षांनी माझा एक सहकारी तिकडे गेला, मुद्दाम त्या घरी उतरला. घर विकलेले नव्हते. निघताना अक्का त्यालाही ओढ्यापर्यंत पोचवायला आली. पलीकडचे दुकान बंद पडून वर्ष झाले होते. मुलाला तिने ते कळवले नव्हते.