दगडी दवाखान्याच्या ताई

टेबलावर तळहात आपटून ताई म्हणायच्या, "माह्यं बोलनं झालं नाई अजून." आणि मग बोलायला सुरुवात करायच्या. नगर परिषदेच्या सभेत त्यांना पहिल्यांदा ऐकणारा हमखास फसायचा. त्याला वाटे, आधीचं काहीतरी आपलं ऐकायचं राहून गेलं.

तुमच्याही गावात तुम्ही हे पाहिलं असेल. जागा बायकांसाठी राखीव, म्हणून उमेदवारी बायकोची आणि सभेत येऊन बसणार नवरा. ताईंचा नवराही पहिल्या सभेला इस्त्रीचे कपडे घालून निघाला होता. "तुमी वांग्याले पानी द्या," ताईंनी त्याला सांगितलं, "निवडून मी आली." मळ्यातली मेथी विकून उरलेली पिशवी घेऊन त्या तशाच सभागृहात आल्या. मी तेव्हा एका दैनिकाला बातम्या द्यायचो. पुढे माझ्या निम्म्या बातम्या त्यांनीच पुरवल्या.

आमचं गाव घाटाखालचं. गावात नगर परिषदेचं प्रसूतिगृह होतं, इंग्रजांच्या वेळचं, काळ्या दगडाचं. सगळे त्याला दगडी दवाखाना म्हणत. उंच कौलारू छप्पर, सागवानी तुळया, रुंद ओसरी. अर्धं गाव तिथे जन्मलं, मीही. मागच्या बाजूला परिषदेनं नंतर एक स्लॅबची खोली जोडली आणि खाटा तिथे हलवल्या. ती खोली गळायची. धाकट्या मुलीच्या वेळी ताईंच्या सासूनं खाटेवर छत्री धरली होती. "पोरीनं डोये उघडले, तं मायच्या आधी छत्रीच पाह्यली," हे सांगताना ताई हसायच्या आणि लगेच टेबलावर हात पडायचा. "पाडा तो दवाखाना! नवा बांधा!"

पुढाऱ्यांना तेच हवं होतं. पाडण्याचा प्रस्ताव आला. नव्या इमारतीचा नकाशा ताईंनी मांडीवर पसरून पाहिला. खाली सगळी दुकानं, प्रसूतिगृह दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट 'पुढच्या टप्प्यात'.

"बाईनं कळा देत जिना चढाचा?" त्यांनी विचारलं. "कोनाच्या डोक्यातून निंघालं हे?"

अध्यक्ष हसले. "ताई, तुम्हीच तर पाडा म्हणत होत्या."

ते त्यांना लागलं. मोठ्या मुलीचे सासरे चिखलीला राहायचे, निवृत्त अभियंते. ताईंनी त्यांना बोलावून घेतलं. मीही सोबत गेलो. त्यांनी सगळी इमारत फिरून पाहिली आणि सांगितलं, दगडी बांधकाम भक्कम आहे, खराब झाली ती मागची खोली. ती उतरवा, कौलं चाळून घ्या, खाटा पुढे आणा. अजून दोन पिढ्या इथे जन्मतील.

ताई ओसरीच्या भिंतीपाशी गेल्या. मग दगडावर हात ठेवून मला म्हणाल्या, "इतके साल मी भलत्याच भिंतीले शिव्या देल्या, भाऊ."

पुढच्या सभेत त्यांनी भर सभागृहात 'मी चुकली' म्हणून सांगितलं. इतक्या वर्षांत नगर परिषदेत हे शब्द मी एकाच तोंडून ऐकले. इमारत ठेवायची की पाडायची, हा निर्णय पुढे ढकलला गेला.

तो ज्या सभेत झाला, तेव्हा ताई मळ्यात होत्या. सभेची नोटीस नवऱ्याच्या हातात दिली गेली होती आणि त्यानं घरी अक्षर काढलं नाही. नव्या इमारतीत कोपऱ्यावरचा गाळा त्याला कबूल झाला होता. इमारत 'धोकादायक' म्हणून पाडण्याचा ठराव एकमतानं मंजूर झाला. त्या एकमतात ताईंचंही मत धरलं होतं.

"माह्यं मत कोनं देल्लं?" कार्यालयाच्या दारातून त्या ओरडल्या. आत सगळेच बसले होते. एक जण चहा ढवळत राहिला. तो चमचा हिसकावून खिडकीबाहेर फेकावा, असं मला आजही वाटतं.

घरी त्या भांडल्या नाहीत. नवऱ्याचं अंथरूण तेवढं बाहेर ओट्यावर टाकलं. ते पुढे तिथेच राहिलं.

ताई बुलढाण्याला जाऊन कलेक्टर कचेरीत अर्ज देऊन आल्या. त्याच आठवड्यात, सुट्टीच्या दिवशी सकाळी, जेसीबी आला. ताई पायऱ्यांवर जाऊन बसल्या. महिला पोलिसांनी त्यांना उचलून गाडीत घातलं. दुपारी सोडलं, तोवर सागवानी तुळया कोणाच्या तरी ट्रॅक्टरवर चढल्या होत्या. भिंत मात्र पडत नव्हती. जिला 'धोकादायक' ठरवलं, तिला पाडायला दुसरा जेसीबी मागवावा लागला. मी हे सगळं लिहून पाठवलं. छापून आलं नाही.

आता तिथे दुकानं आहेत. दुसऱ्या मजल्याला कुलूप आहे. ज्यांना खासगी दवाखाना परवडत नाही, त्या बायका बाळंतपणाला जीपनं घाट चढून बुलढाण्याला जातात.

ताई पुन्हा निवडणुकीला उभ्या राहिल्या नाहीत. पण मोहल्ल्यात कोणा पोरीला कळा सुरू झाल्या, की गरम पाण्याचा थर्मास घेऊन जीपमध्ये तिच्याशेजारी बसायच्या. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते असंच, बसस्टँडसमोर. पोरीचं डोकं मांडीवर, एक हात तिच्या कपाळावर, आणि ड्रायव्हरवर आवाज चढलेला. "गड्डे पाहून चालव बे! कापसाचं पोतं नाई घेऊन राह्यला तू!" मी हाक मारली. त्यांचं लक्ष नव्हतं.

यंदाच्या हिवाळ्यात ताई गेल्या.

परवा घाटातल्या वळणावर एक पोरगी जीपमध्येच बाळंत झाली. सोबत सासरा होता आणि ड्रायव्हर. पोरगी तेवढी वाचली, बाळ नाही.