पाठ टेकल्यानंतर

माझ्याविषयी गावात सध्या जी कथा सांगितली जाते ती अशी : वस्तादाला शिष्याचे यश सोसले नाही, म्हणून त्याने न्यायालयात त्याच्याविरुद्ध साक्ष दिली. ही कथा खोटी आहे. त्या पोराने चांदीची गदा आणली, तेव्हा भर उन्हात मिरवणुकीपुढे नाचणारा म्हातारा मीच होतो. जळणारा माणूस असा नाचत नाही.

दुसरी कथा वर्तमानपत्रातली. ‘पैलवान आणि रिक्षाचालक यांच्यात किरकोळ बाचाबाची.’ बातमी लिहिणारा तिथे नव्हता. मी होतो, पैलवानाच्या, म्हणजे माझ्या त्या शिष्याच्याच जीपमध्ये, त्याच्या शेजारच्या आसनावर.

लातूरला गंजगोलाईपाशी एका रिक्षाचा आरसा आमच्या जीपला घासला. पैलवान खाली उतरला. रिक्षावाला वयाने त्याच्यापेक्षा थोर, अंगाने काडीसारखा. त्याने हात जोडले. “चुकी झाली पैलवान, गर्दी लई हाय.” याला बाचाबाची म्हणायचे असेल, तर ती एवढीच झाली. पैलवानाने धोबीपछाड मारून त्याला डांबरावर आपटले, मग त्याच्या छातीवर गुडघा रोवला आणि उजवा हात धरला. मी जीपमधून ओरडलो, “पाठ टेकली रे!” त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिले. त्यानंतर हात पिळला. कोपर मोडल्याचा आवाज मला जीपमध्ये ऐकू आला.

लोक म्हणतात, रागाच्या भरात तोल गेला. कुस्ती न खेळलेल्यांनी खुशाल म्हणावे. आमच्या तालमीत पोराला पहिला डाव शिकवत नाहीत. हात काढायला शिकवतात. समोरच्याची पाठ मातीला लागली की पकड सोडायची, त्याला उठवायचे, त्याच्या पाठीची माती आपल्या हाताने झाडायची. ज्याला उशीर होईल त्याने दुसऱ्या दिवशी एकट्याने हौदा, म्हणजे आखाड्याची माती, खणायची. हा पोरगा लहानपणी पुष्कळदा खणत असे. पुढे त्याचे हात इतके सरावले की पंचांच्या शिट्टीआधी पकड सुटे. राग आला तरी थांबता येणे, हेच तर त्याला शिकवले होते. मग ज्याला थांबता येत नाही त्याच्यापेक्षा, थांबता येत असूनही न थांबणाऱ्याचा गुन्हा हलका कसा?

साक्षीच्या आधी माझ्या ओट्यावर तिघे आले : गावचे सरपंच, पैलवानाचा मामा आणि नांदेडहून आलेला एक पुढारी.

“वस्ताद,” सरपंच म्हणाले, “तुमी जीपमधी नव्हतेच म्हणा. एवढंच.”

“मग कुठे होतो?”

“माहूरला गेल्ते म्हणा, देवीला.”

“खोट्यात देवीलाही ओढता? तुमची साक्ष तिला द्यायला लावा मग.”

मामा कळवळून म्हणाला, “अव्हो, उद्या देशाकडून खेळंल पोरगं. एका रिक्षावाल्याच्या हातासाठी त्याचं वाटोळं करून राहिले तुमी.”

“हाताचेच बोलू. रिक्षाची मूठ उजव्या हाताने पिळतात. तो माणूस आता काय पिळणार?”

पुढारी हसला. “वस्ताद, रिक्षावाले ढिगानं हायत. गदा काय रोज येती का गावात?”

“न्हाई येत,” मी म्हणालो. “तुमच्या घरचं कुणी आजारी पडलं की गदेवर बसवून न्या दवाखान्यात.”

सरपंच उठले. “पोटच्या पोरासारखा पैलवान गमावून बसाल.” तिघांच्या बोलण्यात खरे होते ते एवढेच वाक्य, आणि ते मला त्यांच्याआधी ठाऊक होते. माझी इतर पोरे तालुक्यापलीकडे गेली नाहीत. माझ्या हयातीत दुसरी गदा या गावात येणार नाही.

न्यायालयात त्याच्या वकिलाने विचारले, “आजोबा, या वयात लांबचं नीट दिसतं का?”

मी म्हणालो, “पाठ टेकली की नाही ते पाहण्यात जन्म गेला. आणि त्याने माझ्याकडे पाहिले, ते लांबून नव्हते.” मग आवाज दिल्यापासून कोपर मोडेपर्यंत सगळे सांगितले.

बाहेर व्हरांड्यात तो माझ्या पाया पडायला वाकला. भोवती लोक मोबाईल उंच धरून उभे होते. मी पाय मागे घेतले. “वाकायचंच असेल तर तिकडं वाक.” रिक्षावाला भिंतीला टेकून उभा होता, वाकडा झालेला हात पोटाशी धरून. पैलवानाने त्याच्याकडे पाहिले, शर्टाची बाही सारखी केली आणि पायऱ्या उतरला. खाली त्याच्या नावाचा जयजयकार सुरू झाला.

त्या गर्दीत माझ्या तालमीतली पोरेही घसा फोडून ओरडत होती. दुसऱ्या दिवसापासून मी त्यांना हौद्यात उतरू दिलेले नाही. निकाल अजून लागायचा आहे, आणि त्यांचे बाप मला समजावायला रोज येतात. येऊ देत.