रोडग्यांच्या दिवशीचं पुढारपण

माझं माहेर मोताळ्याचं, भाजीवाल्यांचं. मळ्यातली भाजी काढायची आणि आठवडी बाजारात पोत्यावर मांडून विकायची. तिथं माझ्या आईनं कधी कुणाला हुकूम सोडला नाही. ती गळ घालायची, चिडवायची, नातं जोडायची आणि गिऱ्हाईक पुढं गेलंच तर हाक मारून परत आणायची. सासर मेहकरजवळचं, मोठ्या जमिनीचं. इथं सासूबाई ओट्यावरून एकदाच सांगतात, तेही हळू. दुसऱ्यांदा सांगावं लागलं तर त्यांना तो अपमान वाटतो.

यंदा गावजेवणाला रोडगे, म्हणजे कणकेचे जाड भाजके गोळे होते आणि बायकांचं पुढारपण सासूबाईंनी माझ्यावर टाकलं. गोवऱ्यांच्या आरावर रोडगे पुरुष भाजणार; वांग्याची भाजी आणि वरण आमच्याकडं. बाया आपसात म्हणत होत्या, "बाजारात बसनारीची पोरगी, हिले का जमन?" पंगत खोळंबली असती तर सासूबाईंचं नाक कापलं गेलं असतं आणि मला घरात पुन्हा कुणी विचारलं नसतं.

म्हणून मी थेट सासूबाईच झाले. खुर्ची टाकली, मान ताठ, आवाज हळू. "तुम्ही वांगी चिरा. तुम्ही कोथिंबीर निवडा." साऱ्याजणी "हाव, हाव" म्हणाल्या आणि गप्पांत रंगल्या. ऊन चढलं तरी वांग्यांचा ढीग जसाच्या तसा. मला रडू यायला लागलं आणि रागही असा आला की विचारू नका.

रागात माझं माहेर बाहेर येतं. खुर्ची सारली, पदर खोचला, विळी ओढून खाली बसले आणि बाजारातला आवाज लावला. "ये वो मावशे! काऊन रुसली? हाताले मेंदी लागली का? जिजी, तुमच्या हातची भाजी खायले सारं गाव येऊन राह्यलं, अन् तुम्ही पाय पसरून बसल्या!"

एक हसली, मग दुसरी. एक म्हातारी विळी घेऊन पुढ्यातच बसली. "थांब वो पोरी, चिरनं कसं असते ते दाखवते तुले!" मग काय, वांग्यांपेक्षा जास्त आम्ही एकमेकींनाच चिरत होतो. भाजी वेळेत चुलीवर चढली.

तेवढ्यात सासूबाई आल्या. बायांनी भराभर पदर सावरले. त्यांनी उकळती भाजी पाहिली, मला पाहिलं.

"ओट्यापर्यंत आवाज येऊन राह्यला तुझा. लाज नाई वाटत?"

"नाई वाटत, आत्याबाई."

त्या शेजारी टेकल्या. "मले असं कधी जमलं नाई. शिकव मले."

मला इतका आनंद झाला की हातातली पळी सुटली. "पोटातून काढा आवाज," मी म्हटलं.

पंगत बसायच्या वेळी सासूबाईंनी श्वास भरला आणि जन्मातली पहिली हाक दिली, "या वो बायाहो, वाढायले!" आवाज जेमतेम चुलीपलीकडं गेला. पण साऱ्याजणी हातातलं टाकून धावत आल्या.

"जमलं का वो?" लाल लाल होत त्यांनी मला विचारलं.

बाया हाकेनं नाही, ओट्याच्या धाकानं धावल्या, हे मी कशाला सांगू? "हाव, आत्याबाई, पुरा बाजार हालवला तुम्ही," मी म्हणाले आणि वरणाची बादली उचलून त्यांच्या मागं निघाले.