एक दिवा नवा, एक जुना

त्या पांढऱ्या पिकअपची गोष्ट इतकी वर्षं झाली तरी माझ्या मनातून गेलेली नाही. मी पोलीस नव्हते. जंगलाच्या रस्त्यावरच्या एका ठाण्यात मी बावीस वर्षं झाडलोट केली आणि ठाण्याच्या गाड्या धुतल्या. पण ठाण्यात राहून माणूस तपास पाहतोच. फिर्याद कशी लिहितात, पंच कुठून बोलावतात, खोटं बोलणारा मधेच पाणी कसं मागतो, हे झाडू मारता मारता कळत जातं. नाव मात्र मी कोणाचंच लिहिणार नाही.

जंगलातल्या गावचा एक माणूस बाजार करून सायकलने घरी चालला होता. दिवेलागणीची वेळ होती. मागून पांढरी पिकअप आली, त्याला धडक दिली आणि न थांबता निघून गेली. माणूस वाचला, पण त्याच्या मांडीचं हाड मोडलं. गाडी त्याने पाहिली, नंबर दिसला नाही. हवालदार पंचनाम्याला गेले तेव्हा रस्त्यावर हेडलाइटचे तुकडे सापडले. ते पाकिटात घालून सील केले. सायकल रस्त्याच्या डाव्या कडेला होती, म्हणजे गाडीचा डावा दिवा फुटला असणार, एवढंच त्यावरून कळलं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ठाण्यात फोन आला. बोलणाऱ्याने आपलं नाव सांगितलं नाही. जंगलाच्या गेटाजवळच्या मोहर्लीतल्या हॉटेलांना भाजी पोचवणारी एक पांढरी पिकअप आहे, तिचा डावा दिवा कोरा करकरीत आणि उजवा जुनापुराणा आहे, असं तो म्हणाला. तासाभरात ती पिकअप ठाण्याच्या आवारात उभी झाली आणि तिचा ड्रायव्हर ठाणेदार साहेबांसमोर.

तो तिशीतला माणूस होता. गाडी त्याच्या स्वतःच्या मालकीची होती. ठाण्यासमोरून जाताना काच खाली करून "मावशी, राम राम" म्हणायचा. एवढीच आमची ओळख.

साहेब पुण्याकडचे होते. ते हात उगारत नसत. एकच प्रश्न पाच वेळा विचारायचे आणि पाचही उत्तरं जुळतात का ते पाहायचे.

"डावा दिवा कधी बदलला?"

"नाई बदलला साहेब."

"मग उजवा इतका जुना आणि डावा नवा, असं का?"

"मले नाई माहीत. दोन्ही गाडीसंगच आलेले हायेत."

"एकाच दिवशी आलेले दोन दिवे. एक म्हातारा झाला आणि एक तसाच राहिला?"

"तेच तर मी बी इचारून राह्यलो साहेब, दोन महिन्यापासून."

हवालदार हसले. ठाण्यात "माहीत नाही" यासारखं वाईट उत्तर नसतं. खोट्या माणसाकडे कारण तयार असतं, खऱ्याकडे बहुतेक वेळा नसतं. पण जबाबात असं काही लिहिता येत नाही.

शेवटी तो म्हणाला, "वॉशिंगवाल्या चाचाले बोलवा. त्यानंच माहा उजवा दिवा बिघडवला."

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचांना बोलावलं. गावातलं गाड्या धुण्याचं दुकान त्यांचंच. पँट गुडघ्यापर्यंत ओली, तसेच आले. ड्रायव्हरला पाहून त्यांचं तोंड कडू झालं.

"साहेब, हा आदमी दोन महिन्यापासून माझ्याशी भांडून राह्यला. म्हणते का मी दिव्यावर तेजाब टाकला. आताच्या जमान्यात काचेचे दिवे कुठी राह्यले? सारे प्लास्टिकचे. गडचांदूरच्या सिमेंट कारखान्याकडची गाडी येते ना, तिच्यावर सिमेंटची धूळ असते. तिच्यावर कोरडा कपडा फिरवला का दिवा खल्लास. म्हणून मी पहिले पानी मारतो. धूळ उतरली का मंगच मऊ कपडा लावतो. तीस साल झाले, कोनी तक्रार नाई केली."

"याची गाडी धुताना दोन्ही दिवे सारखेच धुता?"

"एकदम सारखे. अल्लाची कसम."

चाचा खरं बोलले आणि तेच ड्रायव्हरच्या अंगावर आलं. दोन्ही दिवे सारखेच धुतले जातात, तर धुण्याने फरक पडला नाही. म्हणजे दिवा बदलला. साहेबांनी जबाब लिहून घेतला आणि कागद तयार करायला सांगितलं. तीन वाजता ड्रायव्हरला न्यायालयात न्यायचं होतं. गुन्हा नावावर लागला असता तर लायसन गेलं असतं, गाडी ठाण्यात गंजली असती आणि भाजीची फेरी दुसऱ्याने उचलली असती. जबाबावर सही केल्यावरही चाचा गेले नाहीत. व्हरांड्यात खाली मान घालून बसून राहिले.

दुपारी ड्रायव्हरची माय डबा घेऊन आली. कंबरेत वाकलेली, पायात चप्पल नाही. मी थांबा म्हटल्यावर पायरीवर बसली. मग तिची नजर गाडीवर गेली आणि ती माझ्याजवळ आली.

"बाई, तुमच्याइथी चुलीतली राख हाय का वो? अन् नारळाची शेंडी?"

"कशाले?"

"दिव्यावर कालचं कुंकू तसंच हाय. पोरगा अंदर बसला म्हणून लक्ष्मी काऊन पारोशी ठेवाची?"

बाहेरच्या चहावाल्याकडून चुलीतली राख आणि नारळाची शेंडी मी आणून दिली. मला वाटलं, कालचं कुंकू पुसायचं असेल. ती उजव्या दिव्यासमोर उकिडवी बसली, चिमूटभर राख घेतली आणि शेंडीने दिवा घासायला लागली. गोल गोल, जोर लावून, देवघरातली समई घासतात तसा.

पहाऱ्यावरचा शिपाई ओरडला, "ओ आजी, हात नका लावू. तो मुद्देमाल हाय."

मी तिचा हात धरला. धरताना दिवा जवळून पाहिला. अख्ख्या दिव्यावर गोल गोल ओरखडे होते, एकात एक. असे ओरखडे मी ओळखत होते. ठाण्यात जुनी जीप होती तेव्हा तिचे काचेचे दिवे मी राखेनेच घासायचे, ते लखलखायचे. नवीन गाडी आली तिचेही तसेच घासले. सहा महिन्यांत त्यांवर मोतीबिंदू आल्यासारखं झालं. वरची झिलई निघून गेली आणि उन्हाने आतलं प्लास्टिक पिवळं पडलं. ठाण्याची गाडी चालवणाऱ्या हवालदारांनी मला चांगलं झापलं होतं.

"रोज घासता काय?" मी विचारलं.

"गाडी आली त्या दिवसापासून. सकाऊन पोरगा उठाच्या पहिले. मीच घासतो, मंग कुंकू लावतो."

"अन् डावा?"

"तिकडून ढोरायच्या कोठ्याची भिंत हाय ना. पोरगा गाडीचा तो कोपरा भिंतीले चिकटवून लावते. माहं आंग जात नाई तिकडं. एकाले केलं का दोघायले पावते."

"तुमच्या पोराले माहीत हाय?"

"कुंकू दिसते त्याले. घासाचं नाई सांगतलं. म्हणन, माय, काऊन कष्ट करतं."

बावीस वर्षांत मी साहेबांच्या खोलीत बादली न घेता कधी गेले नव्हते. त्या दिवशी दाराशी जाऊन उभी राहिले. हातात झाडू होता, तो खाली ठेवायचंही सुचलं नाही.

"काय बाई, पाणी संपलं का?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, दिवा मायनं घासला."

त्यांना काही कळलं नाही. माझंही पुढचं वाक्य जुळेना. मी वळून चालायला लागले आणि ते मागे आले, हे त्यांचे उपकार. गाडीजवळ मी बोटाने ओरखडे दाखवले. मग सगळं सांगितलं. साहेब गुडघ्यावर बसले, आधी उजवा दिवा पाहिला, मग डावा. डाव्यावर एकही गोल ओरखडा नव्हता.

"पटतं आहे," ते म्हणाले. "पण कागदावर कसं आणायचं?"

चाचा व्हरांड्यातून उठून आले. "खोला ना साहेब. हर दिव्याच्या मागं महिना अन् साल छापेल राहते."

मेकॅनिकला बोलावलं, पंच बोलावले. दोन्ही दिवे काढले. मागे धुळीत दोन्हीवर एकच महिना, एकच साल निघालं, गाडी तयार झाली तेव्हाचं. डाव्या दिव्याचे स्क्रूसुद्धा कधी हललेले नव्हते, असं मेकॅनिक म्हणाला. तेव्हा पावणेतीन वाजले होते.

ड्रायव्हरला बाहेर आणलं. त्याने आईच्या हातातली शेंडी पाहिली.

"माय, हे तू करून राह्यली होती?"

"चमकाले पाहिजे म्हनून घासलं बापू."

"चमकाले? मले रात्री रस्ता दिसत नव्हता. मी चाचावर आळ घेतला."

"दोन महिने," चाचा म्हणाले. "पुऱ्या चौकात."

म्हातारीने चाचांसमोर हात जोडले. "भाऊ, माह्या हातानं झालं."

"हात पक्का हाय तुमचा, बाई," चाचा म्हणाले. "माझ्याकडं या कामाले. पण दिव्याले हात नका लावू, फक्त टायर."

सगळे हसले. ड्रायव्हर हसता हसता रडायला लागला आणि आईच्या डोक्यावरचा सरकलेला पदर त्याने नीट केला. म्हातारी साहेबांकडे पाहून म्हणाली, "आता मले अंदर टाकसाल काय?"

"दिवा घासायला कलम नाही, आजी," साहेब म्हणाले. "पण जबाब लागेल. अंगठा द्या."

खरी पिकअप आठवड्याने दुसऱ्या तालुक्यात एका गॅरेजमागे सापडली. पाकिटातले तुकडे तिच्या फुटक्या दिव्याला बरोबर बसले. जखमी माणूस काठीवर चालायला लागला तेव्हा साहेब स्वतः त्याच्या गावी सांगायला गेले.

फोन करणारा माणूस खोटं बोलला नव्हता. चाचा खोटं बोलले नव्हते. ड्रायव्हरही नाही. तिघांनी आपल्याला दिसलं ते खरं सांगितलं आणि त्या तीन खऱ्या गोष्टींनी मिळून एक निर्दोष माणूस न्यायालयाच्या दारापर्यंत नेला होता. चौथी खरी गोष्ट ज्या बाईकडे होती, तिला कोणी विचारलंच नव्हतं. तिचा गाडीशी संबंध असेल असं कोणाला वाटलं नाही. मलाही वाटलं नसतं. मीसुद्धा तिला पायरीवर बसवून माझ्या कामाला लागले होते.

त्यानंतर ठाण्यात गाडी जप्त झाली की साहेब कागदपत्रं पाहण्याआधी एक प्रश्न विचारू लागले, "ही गाडी घरी कोण धुतं?" पुढे त्यांची बदली झाली. त्यांच्या हाताखाली तयार झालेले हवालदार अजूनही हा प्रश्न विचारतात, असं कळतं. तो कुठून आला हे त्यांना माहीत नाही. मला माहीत आहे, आणि मला ते पुरतं.