नाकवाल्या वहिनींचा रविवारचा टोस्ट

ये गं मिनू, दारात उभी राहून चपला काय चाळवतेस? ये, अशी जवळ बस. फोन पालथा ठेव. आणि ती बाटली आधी टेबलावरून उचल आणि पिशवीत परत घाल. 'मावशी, तुझ्यासाठी खास मेपल सिरप आणलंय' म्हणे! बाटली आणलीस आणि आईला नोएडाला ठेवून आलीस. या घरात कुणाची वाट बघतात, एवढंही कळत नाही तुला? चिडलेय मी. चहा देईन, पण चिडून देईन. साखर मात्र तुला लागते तेवढीच घातलीय.

तुझ्या आईचं, आमच्या वहिनींचं नाक काय होतं, ते तुला माहीत आहे असं तुला वाटतं. तुला अर्धंमुर्धंच माहीत आहे, कारण तू त्या नाकाखालीच वाढलीस. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरांत आम्ही तळमजल्यावर, तुम्ही वर तिसऱ्यावर. मधल्या घरांत कुणी तमिळ, कुणी बंगाली, कुणी गढवाली. संध्याकाळी ऑफिसं सुटली की सगळ्या जिन्याच्या फोडण्या एकदमच पडायच्या. त्या गदारोळातूनही वहिनींना एकेकीची फोडणी वेगळी कळायची. वरच्या बाल्कनीतून हाक यायची, "सुमन, कांदा पुढे गेला! गॅस बारीक कर!" मी बघावं तर खरंच कडा काळ्या पडायला लागलेल्या. एकदा जिन्यातून जाता जाता दुसऱ्या मजल्यावरच्या बंगाली बाईंना म्हणाल्या, "भाभीजी, दूध आज ही चला लो, कल तक नहीं टिकेगा." त्या बिचाऱ्या दचकल्या. "आपको कैसे पता?" तर या म्हणाल्या, "अभी सीढ़ी पे मिला न मुझे!" तेव्हापासून साऱ्या ब्लॉकच्या त्या नाकवाली भाभी, आणि आम्हा मराठी मंडळींच्या नाकवाल्या वहिनी. त्यांना या नावाचा राग नव्हता. नाकावर बोट टेकवून म्हणायच्या, "लोक दागिने मिरवतात, मी हे मिरवते. बँकेत ठेवावं लागत नाही."

आणि 'छान' हा शब्द त्यांच्याकडे नव्हताच. माझी दिल्लीतली पहिली पुरणपोळी मी किती हौसेनं वर नेऊन दिली होती. घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "जायफळ जुनं आहे गं." मला असा संताप आला! तीन जिने उतरेपर्यंत मी ठरवलं होतं की या बाईशी पुन्हा बोलायचं नाही. घरी येऊन जायफळाची डबी हुंगली. जुनंच होतं, माहेरून आणलेलं. पुढे मला कळलं की त्या चूक काढतात म्हणजे त्यांनी तो घास मनापासून खाल्लेला असतो. आपण कुणाच्या घरी 'वा, छान' म्हणतो ना, तेव्हा निम्म्या वेळा आपलं लक्ष गप्पांत असतं. वहिनींचं लक्ष कायम ताटात. चूक नसली तर त्या गप्प बसायच्या आणि बशी पुन्हा पुढे करायच्या. ती दुसऱ्यांदा पुढे आलेली बशी म्हणजे आम्हा बायकांना मेडल मिळाल्यासारखं वाटायचं.

टोस्ट हे त्यांचं रविवारचं काम. नगरकडच्या ख्रिस्ती घरातल्या त्या. सकाळी चर्चला जाऊन आल्या की चांगली साडी न बदलताच पदर खोचायच्या आणि तवा ठेवायच्या. आदल्या दिवशीचा ब्रेड, अंडं, दूध. साधा, जायफळ घातलेला टोस्ट. खालच्या मजल्यांवरची सगळी पोरं तोवर जिन्यात येऊन बसलेली असायची. त्यात मेपल कुठून आलं, ते ऐक. तू तेव्हा फार लहान होतीस, आणि त्या दिवशीचं तुझं रडणं एवढंच तुला ऐकून ऐकून पाठ झालंय.

पलीकडच्या ब्लॉकमधले एक साहेब सरकारी ट्रेनिंगसाठी कॅनडाला जाऊन आले होते. मुलाच्या वाढदिवसाला त्यांच्या बायकोनं पोरांच्या टोस्टवर मेपल सिरप वाढलं, अगदी तीर्थ द्यावं तसं, एकेक थेंब. तू घरी येऊन जिना डोक्यावर घेतलास. मला तोच टोस्ट हवा, तोच, आत्ता! आपल्या बाजारात तेव्हा ती बाटली कुणी पाहिलीही नव्हती. वहिनींनी काय करावं? हातात वाटी घेतली आणि विरजण मागायच्या निमित्तानं साहेबांच्या घरी गेल्या. तिथे सहज म्हणून बाटलीचं बूच काढलं आणि नाकाशी धरलं. साहेबांची बायको म्हणाली, "यह पेड़ का रस है, इंडिया में नहीं मिलेगा." वहिनींनी बूच परत लावलं. तिथून निघाल्या त्या तडक माझ्या दारात. वाटीतलं विरजण तसंच.

"सुमन, झाड वगैरे असेल तिकडे. पण वास म्हणशील तर बाळंतिणीच्या खोलीचा आहे!"

मी हसून हसून खाली बसले. त्या मात्र गंभीर. "हसतेस काय? तुझा धाकटा झाला तेव्हा तुझ्या खोलीत शिरलं की हाच वास यायचा. लाडवांचा, दुपट्यांचा, तुझा. मेथी गं, मेथी!"

मग आठवडाभर तिसऱ्या मजल्यावर मेथी भाजली जात होती. पहिली खेप इतकी कडू झाली की तुझ्या बाबांनी चेहरा न हलवता ती संपवली, आणि पुढचा टोस्ट नको म्हणाले. देवमाणूस. वहिनींच्या ऑफिसातले एक गृहस्थ रोज पानिपतहून गाडीनं येत. थंडीत त्यांच्या गावाकडे ऊस गाळला की ते पातळ गुळाचा डबा आणायचे. ते त्याला राब म्हणत, आपण काकवी म्हणतो. त्या काकवीत हे जमलं. मेथी कोरडीच, मंद आचेवर परतायची. रंग बदलू लागला की उतरवायची. जरा पुढे गेली की संपलंच. वर कढतं पाणी ओतून झाकण ठेवायचं, ते पाणी गाळून काकवीत घालायचं, मिठाचे चार कण टाकायचे आणि चमच्यावरून सावकाश ओघळेल इतकं आटवायचं. रविवारी तो टोस्ट तुझ्यापुढे आला तेव्हा तू बोटं चाटत विचारलंस, "आई, साहेबांनी बाटली दिली?" वहिनी म्हणाल्या, "हो, दिली." तुझं समाधान मोडायचं नव्हतं त्यांना. मागाहून मी कुठंतरी वाचलं की बाजारातल्या नकली मेपलच्या वासात पुष्कळदा मेथीचाच अर्क असतो. मी धावत त्यांना सांगायला गेले, तर म्हणाल्या, "यात वाचायचं काय होतं?"

असं ते नाक. आणि ते कोरोनात गेलं. सगळ्यांचंच गेलं होतं, सगळ्यांचं परत आलं. वहिनींचं आलं नाही. डॉक्टर झाले, वाफारे झाले, लवंगा-निलगिरी हुंगून झाली. तोवर क्वार्टर सुटलं होतं, तुझे बाबाही नव्हते, आणि तू त्यांना नोएडाला सतराव्या मजल्यावर नेलंस. चांगलं केलंस. त्यात मी काही बोलत नाही.

बोलते ते त्या स्वयंपाकघराच्या दाराबद्दल. नको, मध्ये बोलू नकोस, मला माहीत आहे काय झालं ते. दूध उतू गेलं, शेगडी विझली, गॅस चालू राहिला, आणि त्या तिथेच बसून घेवडा निवडत होत्या. तुला बाहेरच्या दारातच वास आला. तू घाबरलीस. घाबरायलाच हवं होतं! मीही ऐकलं तेव्हा हात जोडले. पण म्हणून काय केलंस? स्वयंपाकाला बाई ठेवलीस, ती गेली की दाराला कुलूप, आणि चावी तुझ्या पर्समध्ये. 'आई, तू आता आराम कर.' कसला आराम? डोळ्यांनी दिसेनासं झालेल्या माणसाला आपण हात धरून नेतो. त्याच्या घराला कुलूप लावून चावी खिशात घालत नाही! काय म्हणालीस? 'तिच्या भल्यासाठी, मावशी.' अगं, भलं तर मलाही हवंय त्यांचं. बाजारात इंडक्शन मिळतं. ना ज्योत, ना गॅस. दूध उतू गेलं तर ओटा पुसायचा. इंजिनियर तू आहेस ना? मग हे मी सांगायचं तुला?

आणि त्यांच्या वाढदिवसाला तू काय केलंस? हाच टोस्ट. जाड ब्रेड, वर स्ट्रॉबेऱ्या, वर असल्याच बाटलीतली धार. आधी फोटो, मग आई. मी समोरच बसले होते. तुझा हेतू वाईट नव्हता, उलट तू किती खुशीत होतीस. वहिनींनी तुकडा तोंडात घातला. मी वाट बघत होते, आता म्हणतील, अंडं नीट फेटलं नाही, आता म्हणतील, बटर करपलंय. करपलंच होतं थोडं, खरं सांगते. आणि त्या म्हणाल्या, "छान आहे."

मिनू, तू टाळ्या वाजवल्यास. मी चहाचा कप खाली ठेवला. त्यांना फक्त गोड लागलं होतं गं, बाकी काही नाही. बाटलीवर तर लिहिलंच आहे, मेपल फ्लेवर्ड. म्हणजे मेपल नाही, मेपलचा वास. ज्यांना वासच येत नाही त्यांना तू वाढदिवसाला वास वाढलास. तू आत प्लेटा ठेवायला गेलीस तेव्हा त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, "सुमन, गॅसची भीती मला पण वाटते. मिनू म्हणते ते खोटं नाही. पण त्याहून जास्त भीती वाटते ती या 'छान'ची. सवय लागेल मला."

तेव्हापासून मी धुमसतेय. तुझ्यावर, त्या आजारावर, त्या कुलपावर, सगळ्यावर. गेल्या रविवारी राहवेना, म्हणून इथे मुनिरकाच्या या स्वयंपाकघरात मीच मेथी घेऊन बसले. पहिल्यांदा जळली. दुसऱ्यांदा कच्ची राहिली. शेवटी फोन लावला.

"रंग कसा दिसतोय?" त्यांनी विचारलं.

"मला काय दिसतंय, मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचंय अजून."

"शाब्बास! एकीला डोळे नाहीत, एकीला नाक नाही. फोन तव्याजवळ धर बघू."

धरला. पलीकडे काही आवाज नाही. मला वाटलं, फोन कटला. मग त्यांचा श्वास ऐकू आला. "हलव. थांबू नकोस. अजून नाही... अजून नाही... आता बघ, एकेक दाणा बोलायला लागलाय. हं, उतरव! उतरव म्हणते ना, सुमन!"

अगदी तीच हाक, तिसऱ्या मजल्यावरची! माझे हात आपोआप हलले, तवा खाली. पाणी ओतलं, झाकण ठेवलं, थोड्या वेळानं काढलं. पलीकडून त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं, "येतोय का गं वास?"

मी म्हटलं, "येतोय. बाळंतिणीची खोली."

किती हसल्या! मी त्यांचं असं हसणं कधीपासून ऐकलं नव्हतं. आणि मिनू, ती खेप बरोबर झाली होती. जराही कडू नाही. नाक गेलं, पण कान आहेत, हात आहेत, इतक्या वर्षांच्या रविवारांचा अंदाज आहे. त्यांचं काहीएक संपलेलं नाही. तू फक्त तवा काढून घेतलास.

डोळे पूस. मी रागावले म्हणून रडतेस की आईसाठी? आईसाठी असेल तर रड थोडं, आणि मग माझं ऐक. मी इंडक्शन आणून ठेवलंय, ते बघ ओट्यावर. काकवीचा डबा आहे. अंडी आणते. त्या म्हणतील, 'मला आता काही कळत नाही, येऊन काय करू?' ऐकू नकोस. प्रार्थना झाली की त्यांना घेऊन बोटॅनिकल गार्डनहून मेट्रोत बस, थेट मुनिरका, मध्ये कुठे बदलायचंही नाही. ही बाटली आणू नकोस. घरात शिरल्या की त्यांना सोफ्यावर बस म्हणू नकोस, सरळ आत जाऊ दे. वास घ्यायला मी उभी राहीन, बाकी सगळं त्या करतील. माझ्यावर ओरडतील, तुझ्या फेटण्याला नावं ठेवतील, माझ्या तव्याला तर नक्कीच ठेवतील. ठेवू देत. या घरात कुणी माझ्या स्वयंपाकाची चूक काढून किती दिवस झाले.

येत्या रविवारी ये गं, नक्की ये. ब्रेड मी शनिवारीच सुकायला उघडा ठेवणार आहे.