पडवीचे चार खांब आणि पीव्हीसीची कव्हरं

आमच्या पडवीत पाहुणा टेकला की पहिल्या चहालाच विचारतो, "हे खांब लाकडी आहेत की प्लास्टिकचे?" मी सांगायला लागले की अक्का आतून ओरडते, "तलंगीचं सांग की गं आधी!" तलंगीचं संपेपर्यंत हे म्हणतात, "आणि तो फॉरेस्टवाला?" असं करता करता दुसरा चहा ठेवावा लागतो. हे किस्से कुणी मुद्दाम जमवले नाहीत. माळ्यावर रिकाम्या बरण्या साठतात, तसे साठत गेले.

आधी माणसं सांगते. आमचे हे पोस्टातून रिटायर झाले. अक्का म्हणजे ह्यांची थोरली बहीण, पंचाहत्तरीची, आमच्याकडंच असते. कानानं कमी, पण तोंडानं नाही. आणि शेजारचा माबळू. त्याची भातशेती आमच्या कुंपणाला लागून, आणि आमच्या घरातलं एकही काम त्याच्या हाताशिवाय झालेलं नाही. कर्नाटकातल्या जोयड्याहून अणशीकडं जाणाऱ्या रस्त्याला आमचं घर. दोन खोल्या होमस्टेला दिल्यात.

पुढं कौलारू पडवी, तिला चार लाकडी खांब. इथला पाऊस तुम्हाला माहीत असेलच! दर वर्षी पागोळ्या उडून खांबांचे पाय काळे पडायचे, रंग सुटायचा. बेळगावात एका लग्नाला गेलो, तिथं एका बंगल्याच्या पोर्चच्या खांबांना ह्यांनी ती पीव्हीसीची कव्हरं पाहिली. वरून सागवानासारखी डिझाईन, पाणी लागलं तरी काही होत नाही.

मी म्हटलं, "बसवायला माणूस बोलवा."

"माणूस कशाला? मी मोबाईलवर बघितलंय. आठ मिनिटांचा व्हिडिओ आहे!"

त्या आठ मिनिटांना आम्हाला दोन महिने लागले.

* * *

कव्हरं बसनं आणली. दहा-दहा फुटांच्या चार चौकोनी पोकळ पेट्या. कंडक्टरनं पाहिल्या आणि कपाळाला हात लावला. "एनरी इदु? काय हो हे? हे घेऊन कुठं बसणार?" शेवटी मधल्या वाटेवर आडव्या टाकल्या. एक टोक आमच्या सीटशी, दुसरं थेट ड्रायव्हरच्या पायाशी.

लोंढ्याला एक बाई चढल्या. पिशवीत एक तलंग, नुसती मान बाहेर काढलेली. माझ्या शेजारी बसल्या, पिशवी खाली ठेवली आणि खिडकीला डोकं टेकून झोपल्या. मला वाटलं पिशवीचं तोंड बांधलेलं आहे.

पाच मिनिटांनी पाहते तर पिशवी सपाट! मी बाईंना हलवून जागं केलं. त्या ओरडल्या, "माझी कोंबडी!" सगळी बस सीटखाली वाकून बघायला लागली. आणि कव्हराच्या आतून, टर्र टर्र, नखं घासत काहीतरी पुढं पुढं निघालेलं ऐकू आलं.

हे ओरडले, "ड्रायव्हर, पाय वर घ्या!"

आता चालत्या बसमधे ड्रायव्हरला पाय वर घ्या म्हणून सांगतात का? त्यानं मागं वळून पाहिलं, तेवढ्यात त्याच्या दोन पायांच्या मधून तलंगीनं डोकं बाहेर काढलं. करकचून ब्रेक! अख्खी बस पुढच्या सीटवर आपटली. ड्रायव्हर पांढराफटक. घाटात असतो तर काय झालं असतं!

कंडक्टरनं मात्र शांतपणे तलंग उचलली, बाईंकडं आणून दिली आणि म्हणाला, "हिचं हाफ तिकीट काढलंय, बाई. केबिनमधे बसायचं न्हाई!"

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी हे स्टुलावर चढले. हातात दहा फुटी पेटी. माबळूनं खालून धरलेली. ह्यांनी खांबाकडं पाहिलं, मग वर तुळईकडं पाहिलं, मग पुन्हा खांबाकडं.

खांब खाली जोत्यात रुतलेला, वर तुळईत अडकलेला. चारी बाजूंनी बंद असलेली पेटी घालायची कुठून?

अक्का खुर्चीत बसून सुपारी कातरत होती. म्हणाली, "आता छप्पर काढतोस काय?"

तिनं चेष्टेनं विचारलं होतं. हे गंभीरपणे म्हणाले, "काढायला नको. जरासं उचलायचं."

माबळूचा भाचा जीप चालवतो, त्याचा जॅक आणला. जॅकवर वासा उभा केला, वाशाचं टोक तुळईला टेकवलं. माबळू दांडा फिरवतोय, कौलं कुरकुरताहेत, वरून तीस वर्षांची धूळ आमच्या डोक्यावर. मी म्हणत होते, "अहो, पुरे! पुरे!" शेवटी खांब आणि तुळई यांच्यात दोन बोटं फट पडली.

"झालं!" हे ओरडले. "माबळू, कव्हर आण!"

अक्कानं अडकित्ता खाली ठेवला. "अरे, ह्या दोन बोटांच्या फटीतनं दहा फूट पेटी जाणार कशी?"

माबळूनं कव्हराकडं पाहिलं, फटीकडं पाहिलं. हे हळूच स्टुलावरून उतरले, चार पावलं चालून आमच्याजवळ आले. माबळूनं जॅक सोडला. कड्डकन आवाज झाला, तुळई खाली बसली आणि कौलांची एक अख्खी ओळ घरंगळून स्टुलावर पडली. जिथं हे उभे होते, तिथंच! स्टुलाचा एक पाय मोडला.

रडू येत होतं की राग, मलाच कळेना. ह्यांनी स्टुलाचा मोडका पाय उचलून पाहिला. मग म्हणाले, "व्हिडिओत पोर्च नवीन बांधत होते वाटतं."

* * *

मग कव्हर एका कोपऱ्यावर उभं चिरायचं, दार उघडल्यासारखं फाकवायचं, खांबाभोवती गुंडाळायचं आणि सिलिकॉननं चीर बंद करायची, असं ठरलं. ही युक्ती माबळूची. पहिलं कव्हर असं काही बसलं की मीसुद्धा लांब जाऊन पाहिलं. खरंच सागवान वाटत होतं!

ह्यांना हुरूप आला. पहिल्या खांबाचं माप घेऊन उरलेली तिन्ही कव्हरं एकदम कापली.

दुसरं लावलं, चार बोटं कमी. तिसरंही कमी. चौथं तर वीतभर वर लटकलं, आखूड परकर घातल्यासारखं.

"असं कसं? खांब सगळे सारखे आहेत!"

माबळूनं एक लिंबू घेतलं आणि पडवीत ठेवलं. लिंबू स्वतःहून निघालं आणि गडगडत थेट चौथ्या खांबाशी जाऊन थांबलं. आमची पडवी उतरती आहे, हे तीस वर्षं त्याच पडवीत राहून आम्हाला माहीत नव्हतं!

अक्का ते लिंबू बघतच राहिली. म्हणाली, "म्हंजी माझी औषधाची बाटली तू लपवत न्हवतीस व्हय गं?"

आता हबकायची पाळी माझी होती. इतकी वर्षं ही बाई मनात हे धरून बसली होती! त्या दिवशी तिनं मला पहिल्यांदा तिच्या डब्यातलं पान लावून दिलं.

खालच्या फटी आम्ही सिमेंटनं भरून टाकल्या. हे म्हणाले, "आता मुंगीसुद्धा शिरणार नाही."

* * *

महिन्याभरात एक फॉरेस्ट गार्ड आले. रस्त्यावरून जाताना मोटरसायकल थांबवली, फाटक उघडून सरळ आत.

"सागवानाचे नवीन खांब घातलेत. परमिट दाखवा."

आमच्याकडं जंगलाला लागून घर. लाकडाचा विषय निघाला की भलेभले विषय बदलतात. पण हे एकदम खूश झाले! त्यांना वाटलं, ह्याहून मोठी शाबासकी ती काय?

"सागवान? हात लावून बघा साहेब!"

गार्डनी हात लावला. नखानं खरवडलं. बोटानं वाजवलं, तर टप्प असा डब्यासारखा आवाज. त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "अरेच्चा! प्लास्टिक?"

"मी स्वतः बसवलं. हे वरचं नुसतं कव्हर. आत जुना लाकडी खांब आहे."

गार्डनी खिशातून डायरी काढली. "आत लाकूड आहे? मग त्याचं परमिट?"

सासऱ्यांच्या वेळची ट्रंक खाली काढून कागद शोधण्यात आमची दुपार गेली. कागद मिळाला, शिक्क्यासकट. पण त्या दिवसापासून हे कुणालाही "आत काय आहे" ते आपण होऊन सांगत नाहीत.

* * *

पहिल्याच पावसाळ्यात पुण्याचं एक जोडपं राहायला आलं. त्यांना वाघ बघायचा होता. पावसात सफारी बंद, तरी आले. संध्याकाळी पडवीत भजी खात बसले होते, बाहेर धो धो पाऊस. आणि एकदम आवाज सुरू झाला. टॉक्! टॉक्! टॉक्! कुणी दगडावर दगड आपटावा तसा, आणि इतका जवळून की बशी थरथरली.

पाहुण्यांनी भजं हातातच धरलं. बाई कुजबुजल्या, "काय आहे ते?"

मी इथं जन्म काढलाय, पण असला आवाज मीही ऐकला नव्हता. पाहुण्यांनी मोबाईल काढून आवाज टेप केला, भावाला फोन लावला. "फार मोठं जनावर आहे! अगदी कुंपणाशी! नाही, दिसत नाही, पण साईज भयंकर असणार!"

एवढ्यात माबळू दूध घेऊन आला. पडवीत उभा राहून त्यानं कान दिला, दुसऱ्या खांबापाशी गेला, कव्हराच्या वरच्या फटीत दोन बोटं घातली आणि मूठ पाहुण्यांसमोर उघडली. त्याच्या तळव्यावर अंगठ्याच्या नखाएवढा बेडूक. पोकळ कव्हरात बसून ओरडत होता, म्हणून ढोलासारखा घुमत होता.

पाहुण्यांनी बेडकाकडं पाहिलं. मग बाहेरच्या जंगलाकडं पाहिलं. अगदी हळू आवाजात म्हणाले, "आणि ह्याचे आई-वडील कुठं आहेत?"

* * *

आता शेवटचं. हे मी प्रत्येकाला सांगत नाही.

माबळूचे वडील तालुक्यात नावाजलेले सुतार होते. आमच्या पडवीचे खांब सासऱ्यांनी त्यांच्याकडूनच करून घेतले. मत्तीचं, म्हणजे ऐनाचं टणक लाकूड, नुसत्या कुऱ्हाडीनं तासलेलं. कुठलाही पाहुणा आला की माबळू सांगणार, "रंधा लावला न्हाई बघा बाबानं. निस्ती कुऱ्हाड." कव्हरं बसली तसं त्याचं हे सांगणं बंद झालं. चार दिवस तो आमच्याकडं जेवलाही नाही. हे मला तेव्हा कळलं, ह्यांना नाही.

दोन पावसाळे गेले. गणेश चवथीच्या आधी मी पडवी धूत होते. तिसऱ्या खांबाचं कव्हर फडक्यानं पुसताना बोट खालच्या सिमेंटला पडलेल्या चिरेत गेलं आणि ओली लाल माती हाताला आली. दाबलं, तर कव्हर पोत्यासारखं मऊ लागलं.

मी हाका मारल्या. माबळूनं कोयत्यानं सिलिकॉन कापलं आणि कव्हर उघडलं.

आत खांब नव्हता.

खांबाच्या आकाराची वारुळाची माती उभी होती, आणि वाळवी सैरावैरा पळत होती. लाकूड फक्त वर, हातभर, तुळईला लोंबकळत राहिलेलं. खांबानं छप्पर धरलं नव्हतं, छपरानं खांब धरला होता! आणि त्याच्या बरोबर खाली खुर्चीत बसून अक्का शेंगा सोलत होती.

ह्यांनी तिला खुर्चीसकट उचललं. सत्तरीच्या माणसात एवढं बळ कुठून आलं, देव जाणे. "काय झालं? काय झालं रे?" ती ओरडत होती, शेंगा सगळीकडं. माबळू पळत जाऊन दोन बल्ल्या घेऊन आला, तुळईला टेकू दिला. मग आम्ही उरलेली कव्हरं उघडली. पहिला खांब, कुऱ्हाडीचा दांडा मारून पाहिला, ठण्ण! दुसरा, ठण्ण! चौथा, तोही दगडासारखा.

हे त्या मातीसमोर उभे होते. लग्नाला एवढी वर्षं झाली, मी ह्यांना कुणाची माफी मागताना पाहिलेलं नाही. ह्यांनी माबळूपुढं हात जोडले.

"माबळू, तुझ्या वडलांच्या हातचा खांब रे. मी प्लास्टिकमधे कोंडून मारला."

माबळूनं मातीचं एक ढेकूळ उचललं, बोटांनी चुरगाळलं. त्याच्याकडं बघवत नव्हतं. अक्का म्हणाली, "बोल की रे काय तरी."

त्यानं हात झटकले. ह्यांचे जोडलेले हात धरून खाली केले.

"रडू नगा, भाऊ," तो म्हणाला. "तीन बाबाचे. ह्यो माझ्या हातचा. मत्तीचा बी न्हवं."