शेवंती मावशीने बाजूला काढलेल्या बाटल्या

आधीच सांगते, मी मायक्रोबायोलॉजीवाली. भूत, करणी, संकेत... असलं काही कुणी सांगायला लागलं की माझा हात आपोआप मोबाइलकडे जातो. त्यामुळे हे लिहिताना मलाच थोडं अवघडल्यासारखं होतंय.

साकीनाक्याला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, तिसऱ्या मजल्यावर आमची छोटी लॅब आहे. खाली प्रेस मशीनची धडधड आणि वर आम्ही. मी कांदिवलीहून येते. आमचं काम असं, की एखादा पदार्थ शरीरात घालायचा असेल तर आधी तो जिवंत पेशींना मारतो का, हे तपासायचं. पेशी प्लेटमध्ये वाढवतो, शरीराइतक्या उबेत ठेवतो.

त्या वर्षी सोन्याचे नॅनोकण आले होते. इतके बारीक, की पाण्यात सोनं लालसर दिसतं. पुढेमागे कॅन्सरच्या गाठीपर्यंत औषध पोचवायला ते वापरता येतील, अशी आशा होती. आदल्या वर्षी गोल कण आले होते, पेशींना काही झालं नव्हतं. आता काडीसारखे लांबट कण होते आणि तीनदा टेस्ट केली, तिन्ही वेळा सगळ्या पेशी मेल्या. आमचे लॅबप्रमुख सर म्हणाले, आकारच बाधतोय, 'असुरक्षित' लिहून टाक. म्हणजे विषय कायमचा बंद. बाबांच्या केमोत मी त्यांना पाण्याचा घोटही पोटात ठेवता येत नसताना पाहिलंय. त्यामुळे तो शब्द टाइप करायला माझा हात धजत नव्हता.

दुपारी दीडच्या सुमाराला शेवंती मावशी टेबल पुसायला आली. मानखुर्दला राहते, मूळची मालवणकडची, नवरा गिरणीत होता. आमच्याकडे काचसामान धुते. टेबलावर त्याच लांबट कणांच्या, फॉइल गुंडाळलेल्या सीलबंद बाटल्या होत्या. सरकवायला म्हणून तिने एक उचलली आणि लगेच खाली ठेवली.

"ह्येका हात लावलंय की माझो जीव घाबरता," ती म्हणाली.

मी हसले. सोनंच आहे गं त्यात, म्हटलं. तिने परत बाटलीवर हात ठेवला, जरा वेळ तशीच उभी राहिली.

"सोन्याचो काय दोष नाय. वर कायतरी लागलेला आसा. ता धुवन काढा."

मी हे सरांना गंमत म्हणून सांगितलं. ते वैतागले, पण माणूस हट्टी, हा भ्रम मोडूनच दाखवतो म्हणाले. केबिनचं दार लावून त्यांनी स्वतः सहा बाटल्या भरल्या... दोनमध्ये हे लांबट कण, चारमध्ये आदल्या वर्षीचे गोल. सगळ्यांना सारखं फॉइल, सारखं बूच. जीव घाबरेल त्या बाजूला काढ, म्हटल्यावर मावशीने एकेक हातात घेतली आणि दोन बाजूला काढल्या. बरोबर त्याच दोन. सरांनी आत नेऊन क्रम बदलला, बाहेर आणल्या. पुन्हा त्याच दोन! तिसऱ्यांदा मात्र तिने नकार दिला, भांडी पडलीत म्हणाली आणि सिंककडे निघून गेली.

सरांनी त्या दोन बाटल्यांचं फॉइल सोडून आत पाहिलं. मग म्हणाले, "धुऊन बघ."

कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून बनवताना एक साबणासारखं रसायन वापरतात. ते काढून टाकलंय, असं बनवणाऱ्यांच्या कागदावर लिहिलं होतं आणि आम्ही विश्वास ठेवला होता. मी कण मशीनमध्ये फिरवून तळाला बसवले, वरचं पाणी टाकलं, नवं घातलं, परत फिरवलं. आता ते रसायन नाही, म्हणून कण चिकटू नयेत यासाठी त्यांच्यावर पेशींना न बाधणारा दुसरा थर चढवला आणि चौथी टेस्ट लावली.

सोमवारी सकाळी मायक्रोस्कोपला डोळा लावला. पेशी तळाला घट्ट धरून, पाय पसरून बसलेल्या. जिवंत. मी दोनदा प्लेटचा नंबर तपासला, चुकीची तर नाही ना म्हणून. मारत होतं ते वर राहिलेलं रसायन, सोनं नाही. एका टेस्टने औषध होत नाही, पेशंटपर्यंत पोचायला वर्षं लागतील, हे मला ठाऊक आहे. पण 'असुरक्षित' लिहावं लागलं नाही. काम अजून चालू आहे.

आता तुम्ही म्हणाल, मावशीला काचसामान धुताना फेस दिसला असेल, वास आला असेल. मीही तेच म्हटलं. पण त्या प्लेट्स आणि बाटल्या वेगळ्या कचऱ्यात जातात, तिच्या सिंकपर्यंत येतच नाहीत. आणि सीलबंद बाटलीला कसला वास? महिन्याभराने आम्ही तिला परत तशाच सहा बाटल्या दिल्या, दोनमध्ये न धुतलेले लांबट कण होते, तर तिला काहीच कळलं नाही. त्या दिवशी कसं कळलं, विचारलं तर म्हणाली, "माका जा वाटला, ता सांगलंय."

त्या सोमवारी मी तिला मायक्रोस्कोपमधून बघायला लावलं होतं. इतकी वर्षं लॅबमध्ये काम करून पहिल्यांदाच. ती खूप वेळ वाकून बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "जगतली मा ही आता?"

हो, म्हटलं, जगतील. त्यापलीकडचं मला आजही सांगता येत नाही.